संकल्प नडगीत मोडतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धावण्याविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येते त्यात दोन गोष्टी हमखास असतात: पहाटे उठण्याचे आवाहन आणि इच्छाशक्तीचे गुणगान. ते वाचून माणूस बूट आणतो, चार दिवस जीव तोडून पळतो आणि तिसऱ्या आठवड्यात दिसेनासा होतो. मग त्याला आरंभशूर ठरवून सगळे मोकळे. या क्षेत्रात शिकवण्याचे काम करणाऱ्यांना मात्र वेगळेच चित्र दिसते. बहुतेकांचा संकल्प आधी नडगीत मोडतो, गुडघ्यात मोडतो, टाचेत मोडतो. मन नंतर त्याला साजेसे कारण शोधते. म्हणून या पत्रात प्रेरणेवर कमी आणि वेग, मिनिटे, खाडे यांवर जास्त लिहितो आहे.

सर्वांत आधी वेग. धावणे म्हणजे जोरात पळणे, ही शाळेच्या मैदानावरची समजूत अंगात इतकी मुरलेली असते की नवखा माणूस पहिल्याच दोनशे मीटरना शर्यतीसारखा भिडतो. तीन मिनिटांत धाप लागते, छातीत जळजळते, बरगडीखाली चमक येते, आणि ‘हे आपले काम नाही’ असा निकाल तो स्वतःच देऊन टाकतो. वास्तविक त्याच्या फुप्फुसांत खोट नसते, वेगाची निवड चुकलेली असते. योग्य वेग ओळखायला यंत्र लागत नाही. धावता धावता दहा-बारा शब्दांचे एक पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणावे. ते एका दमात, मध्ये न तुटता म्हणता आले तर वेग बरोबर. तीन-तीन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त. एकटे असाल तरी मोठ्यानेच बोलून बघा. मनात म्हटलेले वाक्य कधीच तुटत नाही.

मनगटावरच्या घड्याळातले हृदयाच्या ठोक्यांचे रंगीत पट्टे बघून वेग ठरवणाऱ्यांसाठी एक सूचना. ते पट्टे बऱ्याचदा ‘220 वजा वय’ या सूत्रावर उभे असतात. हे सूत्र सरासरीचे आहे. एखाद्या माणसाचे खरे कमाल ठोके त्याहून 10-12 ने कमी किंवा जास्त असणे अगदी सामान्य आहे. 2001 मध्ये पुढे आलेले ‘208 वजा वयाच्या 0.7 पट’ हे सूत्र उतारवयातल्यांना जास्त जुळते. चाळिशीत दोन्ही सूत्रे 180 हाच आकडा देतात, साठीत मात्र एक 160 म्हणते आणि दुसरे 166. त्यातही मनगटावरचा सेन्सर कधी कधी नाडी सोडून पावलांची लयच मोजू लागतो. आरामात गप्पा मारत धावताना घड्याळ अचानक 165-170 दाखवू लागले तर आधी घड्याळाचा पट्टा घट्ट करावा, घाबरणे नंतर.

गप्पा मारता येतील इतके सावकाश धावायचे म्हटले तर चालल्यासारखेच होते, ही तक्रार नेहमीची आहे. मग चालावे. 1996 मध्ये जॉश क्लार्क या अमेरिकन धावकाने नवख्यांसाठी जो नऊ आठवड्यांचा आराखडा केला, त्याच्या पहिल्या आठवड्यात 60 सेकंद धावणे आणि 90 सेकंद चालणे, असे आलटून पालटून वीस मिनिटे आहे. 1972 च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले जेफ गॅलोवे यांची पद्धतही धावणे-चालणे याच जोडीवर उभी आहे. यात लोक एक चूक करतात. चालणे दमल्यावर सुरू करतात. तोवर पाय जड झालेले असतात, पाऊल आपटू लागलेले असते आणि चालणे म्हणजे हार मानणे असे वाटू लागते. चालण्याची पाळी घड्याळाने यावी. मिनिट संपले की अंगात कितीही जोर असला तरी चालायचे. पहिल्या तीन फेऱ्यांना हे हास्यास्पद वाटते. त्याचा उपयोग शेवटच्या तीन फेऱ्यांना कळतो.

अव्वल धावपटूही बहुतांश वेळ सावकाशच धावतात. सहनशक्तीच्या खेळांतल्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करणारे स्टीफन सायलर यांना साधारण दहापैकी आठ सत्रे सोप्या श्रमाची आढळली. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड तर 800 मीटरच्या धावपटूलाही डोंगराळ रस्त्यावर 35 किलोमीटरच्या लांब धावा करायला लावत. त्यांच्या पीटर स्नेलने 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये 800 मीटरचे सुवर्ण जिंकले. हौशी धावक मात्र रोज मधल्याच वेगाने धावतो. थकवा भरून यावा इतका तो सावकाश नसतो आणि शरीराला नवे काही शिकवावे इतका जलदही नसतो. वर्षभर घाम गाळून वेळ तीच राहते, ती याच मधल्या वेगापायी.

आता नडगीकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. धावायला लागल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच दम कमी लागू लागतो. रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते, माणसाला हुरूप येतो. पण हाडे आणि स्नायुबंध या गतीने बदलत नाहीत. त्यांना महिने लागतात. हाडाचे तर असे की त्यावर नवा भार आला की आधी जुना भाग पोखरून काढला जातो आणि मग नवा भरला जातो. या मधल्या आठवड्यांत ते हाड तात्पुरते कमकुवत असते. म्हणजे श्वास ‘आणखी पळ’ म्हणत असतो आणि नेमकी तेव्हाच नडगी दुरुस्तीला काढलेली असते. मिनिटाला 160 पावले धरली तर अर्ध्या तासात 4800 पावले होतात, प्रत्येक पायाच्या वाट्याला 2400. दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो. तिसऱ्या आठवड्यातल्या हुरुपाने ‘आज दुप्पट धावू’ असे ठरवणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

नडगी दुखू लागली तर अंगठ्याने तपासता येते. बसून पाय गुडघ्यात दुमडा, घोट्याच्या आतल्या बाजूपासून वर गुडघ्याकडे हाडाच्या कडेने बोटाबोटाने दाबत जा. दुखरा पट्टा लांबट असेल, पाच सेंटिमीटर किंवा जास्त, आणि अंग गरम झाल्यावर दुखणे कमी होत असेल तर ती बहुधा भाराने आलेली सूज. धावण्याची मिनिटे निम्मी करावीत, वेग उतरवावा, उतारावर धावणे बंद करावे. दुखणे एकाच जागी, बोटाच्या टोकाखाली झाकले जाईल इतके असेल, त्या पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याचा संशय घ्यावा, धावणे त्याच दिवशी थांबवावे आणि डॉक्टर गाठावा. अशी चीर सुरुवातीच्या दिवसांत साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. ‘एक्स-रे स्वच्छ आला’ म्हणून दुसऱ्या दिवशी धावायला जाणारे पुढे महिनोन्महिने घरी बसतात.

बाकीच्या दुखण्यांसाठी एक कामचलाऊ नियम पुरतो. शून्य ते दहापैकी तीनपर्यंतचे दुखणे धावताना चालेल, पण ते धावता धावता वाढता कामा नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त असता कामा नये. चाल बदलायला लावणारे दुखणे तीनपर्यंतचे असूच शकत नाही, मग तुम्ही त्याला कितीही गुण द्या. सकाळी अंथरुणातून उठल्यावर टाकलेल्या पहिल्या चार पावलांना टाचेत कळ येत असेल तर तळव्याच्या पट्ट्यावर ताण आहे. पोटरीचे व्यायाम आणि मिनिटांत कपात, दोन्ही लगेच सुरू करावे.

दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढ नको, हा नियम सगळीकडे छापला जातो. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका चाचणीत 532 नवख्यांचे दोन गट केले होते. एका शर्यतीच्या तयारीसाठी एकाने 13 आठवडे दहा टक्क्यांच्या बेताने वाढ केली, दुसऱ्याने आठ आठवड्यांत तीच शर्यत गाठली. दुखापतींचे प्रमाण 20.8 आणि 20.3 टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. वाढ कशीही करा, असा याचा अर्थ नाही. दहा या आकड्यात जादू नाही एवढाच आहे. आठवड्याला साठ मिनिटे धावणाऱ्याला दहा टक्के म्हणजे सहा मिनिटे, ती कुठेही सामावतात. पाच तास धावणाऱ्याला तेच दहा टक्के म्हणजे अर्धा तास, आणि तो त्याने एकाच रविवारी घातला तर पाय कुरकुरणारच. त्यापेक्षा दोन गोष्टी पाळाव्यात. तीन आठवडे थोडे थोडे वाढवून चौथ्यात एक-तृतीयांश कपात करावी. आणि गेल्या महिन्यातल्या सर्वांत लांब धावेपेक्षा कोणतीही एक धाव फार पुढे जाऊ देऊ नये.

या सगळ्याचा सवयीशी संबंध काय, असे कुणी विचारेल. सवय लागायला लागणारे दिवस आणि हाड तयार व्हायला लागणारे दिवस जवळपास एकाच मापाचे आहेत, हा संबंध. ‘21 दिवसांत सवय लागते’ हे वाक्य एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधल्या निरीक्षणातून आले. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान एकवीसेक दिवस लागतात, असे त्याचे म्हणणे होते. पुढे त्यातला ‘किमान’ गळून पडला आणि चेहराही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर 84 दिवस केलेल्या अभ्यासात मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, तोही 18 पासून 254 पर्यंत पसरलेला. त्यातला 254 हा आलेख पुढे ताणून काढलेला अंदाज आहे, कारण अभ्यासच 84 दिवसांचा होता. रोज पेलाभर पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या, व्यायामाला त्यांच्या दीडपट वेळ लागला. आणि एखाद्या दिवसाच्या खाड्याने सवयीच्या घडणीत फारसे बिघडले नाही. एकविसाव्या दिवशीही बूट घालताना कंटाळा येतो म्हणून स्वतःला नालायक समजणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. त्या दिवशी त्यांची जेमतेम एक-तृतीयांश वाट सरलेली असते.

सवय वेळेला चिकटवण्यापेक्षा आधीच पक्क्या असलेल्या एखाद्या कृतीला चिकटवलेली बरी. ‘रोज संध्याकाळी धावेन’ हे ढिले आहे. ‘कामावरून आल्यावर खुर्चीत बसण्याआधी धावायचे कपडे घालेन’ हे घट्ट आहे, कारण त्यात कधी, कुठे आणि काय, तिन्ही आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘असे झाले की मी तसे करेन’ या धर्तीच्या ठरावांवर बरेच काम केले आहे. साध्या इच्छेपेक्षा असा ठराव जास्त वेळा पार पडतो, कारण ऐन वेळी विचार करायचे काम उरत नाही. अडथळ्यासाठीही ठराव करून ठेवावा: पाऊस असेल तर जिन्यावर दहा मिनिटे, उशीर झाला तर फक्त पंधरा मिनिटे. पहाटेचीच वेळ हवी असे काही नाही. सकाळी अंग आखडलेले असते, तेव्हा पहिली पाच मिनिटे चालण्यात जास्त घालवावीत, इतकाच फरक. मात्र जी वेळ धराल तिथेच काही महिने राहा.

कंटाळ्याच्या दिवसासाठी दहा मिनिटांचा करार करावा. दहा मिनिटे चालत-धावत जायचे. तरीही नको वाटले तर परत फिरायचे आणि वहीत तो दिवस पूर्ण म्हणून लिहायचा. बहुतेक वेळा माणूस परत फिरत नाही. फिरला तर त्याच्या शरीराला खरेच विश्रांती हवी होती, असे समजावे. याला लागूनच आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते वर्तमानपत्री सल्ल्यांत तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते: धाव संपताना अंगात थोडी शिल्लक हवी. शेवटची पाच मिनिटे मजेत गेली तर उद्या बूट दिसल्यावर तीच आठवतात. शेवटी ओकारी येईपर्यंत पळालेल्याला उद्या बूट दिसले तरी मळमळते. ‘आज जीव काढला’ असे फुशारकीने सांगणाऱ्याचा पुढच्या महिन्यातला पत्ता विचारून घ्यावा.

सलग दिवसांची साखळी मोजणारी अ‍ॅप्स मला पटत नाहीत. शंभराव्या दिवसासाठी लोक ताप अंगावर घेऊन धावतात आणि साखळी तुटली की उत्साहही तुटतो. 1973 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात आपणहून आवडीने चित्रे काढणाऱ्या लहान मुलांना बक्षीस कबूल करून चित्रे काढायला लावली. नंतर मोकळे सोडल्यावर बक्षिसाच्या बोलीवर काढणारी मुले चित्रांकडे आधीपेक्षा कमी वळली. पदके, टी-शर्ट, पडद्यावरचे बिल्ले यांचेही असे होऊ शकते. शर्यतीला नाव घालण्याला विरोध नाही, तारीख समोर असली की सरावाला आकार येतो. पण सवय बऱ्याचदा शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी मोडते. त्यावर उपाय म्हणून शर्यतीनंतरच्या दोन आठवड्यांचे वेळापत्रक शर्यतीच्या आधीच लिहून ठेवावे, भले त्यात नुसते चालणे असो.

खाडा पडणारच. त्याची भरपाई करायची नाही, हा पहिला नियम. मंगळवारची धाव बुधवारच्या धावेवर चढवली की गुरुवारी पाय बोलतात. आठवडाभराच्या खंडाने दमात फारसा फरक पडत नाही, पुढे चालू ठेवावे. दोन आठवडे गेले तर पूर्वीच्या मिनिटांच्या निम्म्यापासून सुरुवात करून आठ-दहा दिवसांत मूळ जागी यावे. महिना किंवा जास्त गेला तर पुन्हा धावणे-चालणे. दम लवकर परततो, हाडांना त्याची घाई नसते. सर्दी नाकापुरती असेल तर हलके धावता येते. ताप, छातीत कफ किंवा अंगदुखी असेल तर अजिबात नाही.

मग नव्याने सुरू करणाऱ्याचा आठवडा कसा असावा? तीन दिवस, मध्ये किमान एक दिवसाची विश्रांती, दर वेळी पाच मिनिटे चालून मग वीस-पंचवीस मिनिटे धावणे-चालणे. मोजमाप मिनिटांत, किलोमीटरमध्ये नाही. किलोमीटर मोजू लागले की ते लवकर संपवावेसे वाटतात आणि वेग वाढतो. पंचवीस मिनिटे कितीही जोरात पळाले तरी पंचवीसच राहतात. सलग तीस मिनिटे बोलत धावता येऊ लागली की चौथा दिवस जोडावा. जलद धावण्याचा विचार साधारण तीन महिन्यांनी, तोही आठवड्यातून एकदाच: सोप्या धावेच्या शेवटी 15-20 सेकंदांच्या चार मोकळ्या झेपा, मध्ये मिनिटभर चालणे. जीव खाऊन नाही, ऐटीत.

पावलांच्या लयीबद्दल ‘मिनिटाला 180’ हा आणखी एक छापील मंत्र आहे. तो प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये शर्यतीच्या वेगाने धावणाऱ्या खेळाडूंची पावले मोजली त्यावरून रूढ झाला. सावकाश धावणाऱ्याने तो लादून घेऊ नये. उजवा पाय तीस सेकंदांत किती वेळा टेकतो ते मोजून चारने गुणावे. 38 आले तर 152. गुडघा दुखत असेल तर ही लय पाच टक्क्यांनी वाढवून 160 पर्यंत न्यावी. पाऊल आखूड पडते, टाच शरीराच्या फार पुढे जाऊन आपटत नाही आणि गुडघ्यावरचा भार उतरतो. एका वेळी दोन-तीन मिनिटेच हा प्रयोग करावा, नाहीतर पोटऱ्या आवळतात.

बुटांवर जेवढे बोलले जाते तेवढे गरजेचे नाही. पायात घातल्याक्षणी सुखद वाटावेत, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर बदलावेत. ताकदीच्या व्यायामावर मात्र फारच कमी लिहिले जाते. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करणे, 12-15 च्या तीन फेऱ्या, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, सोबत बैठका. आठवड्यातून दोनदा, एवढ्याने पोटरी आणि टाचेची निम्मी गाऱ्हाणी टळावीत.

पाण्याबाबत ‘तहान लागण्याआधी प्या’ हा सल्ला लांब अंतरावर धोक्याचा ठरू शकतो. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या 488 धावकांचे रक्त तपासले, त्यांतल्या 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेले निघाले. त्याचा ठळक संबंध शर्यतीत वजन वाढण्याशी, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिण्याशी होता. तहान लागली की प्यावे.

वही साधी असावी. तारीख, मिनिटे, श्रम दहापैकी किती, झोप किती तास, कुठे दुखले. मिनिटांना श्रमांच्या गुणांनी गुणले की त्या दिवसाचा भार मिळतो: तीस मिनिटे आणि चार गुण, भार 120. तीच तीस मिनिटे आठ गुणांनी पळाल्यास 240. आठवड्याची बेरीज अचानक उसळलेली दिसली की पुढच्या आठवड्यात काय दुखणार ते आधीच कळते. तोच रस्ता, तोच वेळ, आणि श्रमाचा आकडा पाचावरून चारावर आला, तर घड्याळ काहीही म्हणो, सुधारणा झाली.

आपल्यासारख्या दैनिकांकडे एक मागणी आहे. धावण्याचे वेळापत्रक छापाल तेव्हा ते किलोमीटरऐवजी मिनिटांत छापावे, वेगाच्या रकान्यात ‘पूर्ण वाक्य बोलता येईल इतका’ असे लिहावे, आणि दोन आठवड्यांचा खाडा पडलेल्याने कुठून सुरू करायचे याची एक ओळ तळाशी द्यावी. पहिल्या आठवड्याच्या रकान्यात ‘चालणे’ हा शब्द धावण्याच्या आधी आला तरी चालेल.

आपला,
एक धावप्रशिक्षक